तारेवर बसलेले ते पारवे नव्हते

कुणाची भातकापणी संपत आली असेल, कुणाचे भारे अजून खाचरात असतील. काम करत करत ऐका, हातातलं सोडू नका. मी दर वेळी येते ती कर्जाचे हप्ते नाहीतर विम्याचे अर्ज घेऊन येते. आज हप्त्याचं काही बोलणार नाही. आज पक्ष्यांबद्दल बोलायचंय. गटाच्या सहयोगिनीला पक्ष्यांचं काय पडलंय, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण आमच्या गावात या पक्ष्यांवरून भांडण झालं आणि त्याचं मूळ आमच्या गटाच्या कर्जातच होतं.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. आमच्या गटातल्या एका आत्यांनी गटाकडून कर्ज काढून गावरान कोंबडीची पन्नास पिल्लं आणली. (माझी सख्खी आत्या नव्हे, पण गावात सगळे त्यांना आत्याच म्हणतात.) दिवाळी झाली आणि पिल्लं कमी व्हायला लागली. आज एक, परवा दोन. अकरा पिल्लं गेली. आणि नेमकं त्याच आठवड्यात माळावरच्या विजेच्या तारांवर बाकदार चोचीचे पक्षी ओळीनं येऊन बसले. झालं, चोर सापडले! आत्यांच्या पुतण्यानं आणि त्याच्या मित्रांनी गलोली काढल्या. दोन पक्षी पडले. बाकीचे तिसऱ्या दिवशी निघून गेले. आणि पिल्लं जायची ती जातच राहिली.

त्या वेळी मी माळावर गेलेच नाही. आत्या मला बैठकीत म्हणाल्या होत्या, "ताई, ते पारव्यासारखे दिसतात पण पारवे नाहीत. पाय लालभडक आहेत त्यांचे." मी म्हटलं, "असतील कबुतरं, आत्या. पासबुक द्या." हे मी तुम्हाला सांगतेय, कारण पुढचं सगळं माझ्या या उत्तरामुळे एक वर्ष लांबलं.

पुढे उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी पक्षी अभ्यासणारे एक निवृत्त शिक्षक भेटले. बोलता बोलता मी लाल पायांचं सांगितलं. ते खुर्चीत ताठ झाले. "कधी दिसले?" म्हटलं, दिवाळीनंतर. "तारीख?" नाही. "किती होते?" पुष्कळ. "नर-मादी वेगळे दिसले का? पोटाकडचा रंग काय होता? फोटो?" नाही, नाही, नाही. सर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, तुमच्या गावात अमूर ससाणा उतरला असावा. पण 'असावा'ची नोंद होत नाही."

मैत्रिणींनो, मला लागलं ते. बचत गटाच्या वहीत कुणी 'पुष्कळ रुपये' असं लिहिलं तर मी ते पान फाडायला लावते. आणि इथे मी स्वतः 'पुष्कळ' म्हणत बसले होते.

आता हा अमूर ससाणा कोण, ते सांगते. रशिया आणि चीनच्या सरहद्दीवर अमूर नावाची मोठी नदी आहे. तिकडे, ईशान्य चीन आणि मंगोलियाच्या बाजूला हे पक्षी उन्हाळ्यात घरटी करतात. थंडी पडायच्या आत निघतात ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे. वाटेत ईशान्य भारतात ऑक्टोबर-नोव्हेंबरला लाखांनी थांबतात, खाऊन अंगात चरबी साठवतात आणि मग भारत आडवा ओलांडून अरबी समुद्रावर झेप घेतात. वजन म्हणाल तर दीडशे ग्रॅमच्या आसपास. आपल्या पाव किलोच्या मापातही ते भरणार नाही. नागालँडमध्ये २०१३ साली तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला खूण पाठवणारी चिमुकली यंत्रं बसवली होती. त्यांना नागा, पांग्ती आणि वोखा अशी तिथलीच नावं दिली. तेव्हा कळलं की हा पक्षी नागालँडहून थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत, पाच-साडेपाच हजार किलोमीटर, न थांबता जाऊ शकतो. समुद्रावर खातो काय? त्याच सुमाराला चतुरही समुद्र ओलांडतात, भाताच्या खाचरावर घिरट्या घालणारे ते आपले चतुर. वाटेत ससाणे तेच खात असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

पण सगळेच असे एका दमात जात नाहीत. काही थवे आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर, लोणावळ्याच्या बाजूच्या माळांवर नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला एक-दोन दिवस उतरतात. कुठे, कोणत्या माळावर, किती, हे दरवर्षी सारखं नसतं. म्हणून तर बघणाऱ्याची किंमत आहे. आणि माळावर रोज कोण असतं? सर तर महिन्यातून एकदा येणार. शेळ्या घेऊन जाणारी, गवत कापणारी, भारे वाहणारी आपणच ना?

गेल्या वर्षी आम्ही तयारीत राहिलो. तयारी म्हणजे फार काही नाही. सरांनी जुनी दुर्बीण दिली, आणि इतिवृत्ताच्या वहीची मागची चार पानं आम्ही आखून ठेवली. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी सर येऊन गेली. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तशी जमिनीतून वाळवीची पंखवाली फौज उठली. सकाळी आठ वाजता आत्यांचा फोन. "आलेत. या. आता पासबुक नको, पाय बघा!"

त्या दिवशी जे शिकले ते आता सविस्तर सांगते, कारण तुमच्यावरही ही वेळ येणार आहे.

पहिली गोष्ट, पळत जवळ जायचं नाही. आम्ही सूर्य पाठीशी येईल अशा बाजूनं, वळसा घालून गेलो. सूर्य समोर असला की तारेवरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसतो, मग तो कावळा असो की ससाणा. शंभरेक पावलांवर बसलो आणि पहिली दहा मिनिटं नुसतं बघितलं.

दुसरी गोष्ट मला फार पटली. सरांनी बजावलं होतं की पुस्तक आधी उघडायचं नाही. पुस्तकातलं चित्र एकदा पाहिलं की डोळ्याला तेच दिसायला लागतं. आधी लिहायचं, मग पुस्तक. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' सरांच्या पिशवीत होता, पण वही भरेपर्यंत त्यांनी तो बाहेर काढला नाही. आत्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. मोठेपणा कसा सांगायचा? इंच-फुटात नाही. पारवा, साळुंकी, कावळा हे आपल्या ओळखीचे, त्यांच्याशी तुलना करायची. आत्या म्हणाल्या, "पारव्याएवढा, पण कमरेला बारीक. पंख लांब, टोकाला निमुळते." मग डोक्यापासून शेपटीपर्यंत एकेक अवयव. अंग पाटीच्या दगडासारखं काळपट राखाडी. डोळ्याभोवती नारिंगी कडं. चोचीच्या मुळाशी तोच रंग. पाय नारिंगी-लाल. मांड्या आणि शेपटीखालचा भाग विटकरी. उडाला तेव्हा पंखाखाली पुढच्या अर्ध्या भागात पांढरं दिसलं आणि मागचा भाग काळा. हा नर.

काही पक्षी वेगळे होते. पाठ राखाडीच, पण गाल पांढरे, डोळ्याखाली काजळ ओघळल्यासारखा काळा पट्टा, पोट पांढरट आणि त्यावर काळ्या रेघा-ठिपके. पाय मात्र नारिंगीच. त्या माद्या. नुकती वाढलेली पिल्लंही साधारण मादीसारखीच दिसतात, म्हणून वहीत आम्ही 'मादी' न लिहिता 'मादीसारखे' असं लिहिलं. जेवढं दिसलं तेवढंच लिहायचं.

मग वागणं. हे तर लिहायलाच हवं, कारण आमचं भांडण त्याच्यावरच मिटलं. पक्षी तारेवरून सुटायचा, हवेत वाळवीचा किडा पायानं पकडायचा आणि उडता उडताच पाय चोचीशी नेऊन खायचा. परत तारेवर. दोन तासांत एकही पक्षी वस्तीकडे फिरकला नाही. कोंबड्या खाली उकिरडा उकरत होत्या. आत्यांचा पुतण्या शेजारी उभा राहून हे बघत होता. तोच गलोलवाला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग आपली पिल्लं कोण नेतंय?"

त्याचं उत्तर पुढच्या आठवड्यात मिळालं. पिल्लं नेत होता शिक्रा. तो आपल्याकडे बारा महिने असतो, आंब्याच्या गर्द फांदीत लपून बसतो. छाती-पोटावर विटकरी आडव्या रेघा, पाय पिवळे. एकटा येतो, खालून झपकन येतो. आता शिक्रा दोषी म्हणून त्याला मारायचं का? नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, शिकारी पक्षी मारणं गुन्हा आहे. आम्ही आत्यांच्या खुराड्यापुढच्या अंगणावर जुनं मासेमारीचं जाळं ताणलं आणि पिल्लं मोठी होईपर्यंत त्याखाली ठेवली. त्यानंतर एकच पिल्लू गेलं, तेही मुंगसानं.

पण आदल्या वर्षी ते दोन पक्षी मेले ते मेलेच. हजारो किलोमीटर उडून आलेले, आणि आपल्या माळावर दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी मेले.

नागालँडची गोष्ट इथे सांगायलाच हवी. वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाच्या काठी पांग्ती नावाचं गाव आहे. तिथे हे ससाणे लाखांनी रात्री मुक्कामाला यायचे आणि लोक झाडांच्या मधे मासे धरायची जाळी लावून त्यांना पकडायचे, विकायचे. २०१२ च्या ऑक्टोबरात काही अभ्यासक आणि नागालँडच्याच पत्रकार बानो हरालू तिथे गेले. त्यांनी नुसती हळहळ केली नाही. किती जाळी आहेत, एका जाळ्यात किती सापडतात, रोज किती, हे मोजलं, लिहिलं, चित्रफीत काढली. दिवसाला बारा ते चौदा हजार पक्षी, असा त्यांचा हिशेब निघाला. 'पुष्कळ पक्षी मरतात' असं सांगितलं असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. आकडा आला आणि देशभर बोंब झाली. पण मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यानंतर गावकऱ्यांशी बसून बोलणं झालं, त्यांचं उत्पन्न बुडणार होतं ते नाकारलं नाही, गावांनी स्वतः शिकार बंदीचे निर्णय घेतले. आणि पुढच्याच हंगामात, २०१३ ला, तिथे जाळी लागली नाहीत. एका वर्षात! आपल्याकडे रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त व्हायला याहून जास्त वेळ लागतो.

आता परत आमच्या माळावर. मोजणीकडे येऊ. मी सांगितलं, तिघींनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकींना आकडा सांगायचा नाही. खांब ते खांब असं मोजलं. एकीचे आले १६, दुसरीचे १८, आत्यांचे १६. अठरावाली वहिनी हट्टाला पेटल्या. पण दोन पक्षी उडून परत बसले होते, ते तिनं दोनदा धरले असणार. आम्ही वहीत तिन्ही आकडे लिहिले आणि खाली 'नक्की १६' असं लिहिलं. तुम्हीही असंच करा. खोडरबर नको. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला बरोबर लिहा, आपल्या कीर्दीत करतो तसं.

जागा लिहिताना 'माळावर' असं लिहू नका. आमच्या गावाला तीन माळ आहेत. आम्ही जमिनीचा गट नंबर लिहिला, खांबाचा क्रमांक लिहिला आणि मोबाईलवर जागेची खूणही घेतली. तारीख, वेळ कितीपासून कितीपर्यंत, ऊन की ढग, कोण कोण हजर. आणि त्याच दिवशी. संध्याकाळी स्वयंपाक झाल्यावर लिहू म्हणाल तर पायाचा रंग लालचा पिवळा होऊन बसेल, मी अनुभवानं सांगते.

फोटोबद्दल माझी एक फजिती सांगते. आमच्या गटाच्या सचिवाकडे बरा मोबाईल आहे. तिनं दुर्बिणीच्या एका भिंगाला कॅमेरा टेकवून फोटो काढले. युक्ती चांगली आहे, हात मात्र टेकवून धरावा लागतो. चाळीसेक फोटो निघाले. मी म्हटलं, हे धुरकट कशाला ठेवायचे, आणि बसल्या जागी तीस काढून टाकले. संध्याकाळी सरांनी डोक्याला हात लावला. धुरकट फोटोतसुद्धा शेपटीखालचा विटकरी रंग दिसला असता. फोटो कितीही वाईट असला तरी ठेवायचा. आणि व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्यातली मूळ तारीख-वेळेची माहितीही जाते. म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि मूळ फोटो मोबाईलमध्ये तसाच राहू द्या. कापू नका, उजळू नका.

नोंद कुठे द्यायची? एक म्हणजे ई-बर्ड नावाचं मोफत ॲप आहे. त्यात जगभरचे लोक पक्ष्यांच्या याद्या टाकतात. एखाद्या ठिकाणी सहसा न दिसणारा पक्षी टाकला की ते ॲप लगेच विचारतं, नक्की का? मग त्या भागातला जाणकार स्वयंसेवक तुमचं वर्णन आणि फोटो तपासतो. त्यानं प्रश्न विचारले की राग मानू नका. आपण कर्जाच्या अर्जावर विचारत नाही का? दुसरी जागा आपल्या हाताशी आहे आणि तिची आपल्याला खबरच नसते. २००२ चा जैवविविधता कायदा आहे, त्यानुसार गावागावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. केंद्राच्या २००४ च्या नियमांत त्या समितीवर किमान एकतृतीयांश सदस्य महिला असाव्यात असं लिहिलेलं होतं. तुमच्या गावची ती नोंदवही कधी पाहिलीत का? आमची कपाटात होती. पक्ष्यांच्या पानावर चिमणी, कावळा, मोर आणि पोपट. एवढंच! आम्ही ग्रामसभेत आमची चार पानं वाचून दाखवली आणि त्या वहीत जोडून घेतली. एक गृहस्थ हसून म्हणाले, "बायकांना आता पाखरं मोजायचं काम." आत्यांनी त्यांना तिथेच विचारलं, "माळाचा मुरूम किती ब्रास गेला, ते तरी कुणी मोजलंय का?" त्यावर सभेत कुणी हसलं नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. पक्षी बसलेले असताना जागा गावभर, ग्रुपवर पसरवू नका. आम्ही सरांखेरीज कुणाला सांगितलं नाही. पक्षी गेल्यावर आठ दिवसांनी सांगितलं. नाहीतर गाड्या येतात, मोबाईल घेऊन पोरं तारेखाली नाचतात, आणि थकलेल्या पाखराला दोन दिवसांची विश्रांतीही मिळत नाही. आणि कधी पायात धातूचं कडं असलेला पक्षी सापडला, मेलेला असला तरी, त्या कड्यावरची अक्षरं-आकडे जसेच्या तसे उतरवून फोटो काढा आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. १८८३ सालची संस्था आहे. आपल्या देशात पक्ष्यांना कडी घालण्याचं काम ती कित्येक वर्षं करत आली आहे.

आमच्या नोंदीचं काय झालं, ते सांगून थांबते. उरलेले दहा फोटो आणि वहीची पानं तपासून जाणकारांचा निरोप आला. पक्षी अमूर ससाणेच, नोंद मान्य. पण सोळा नाहीत, पंधरा. ओळीच्या टोकाला, जरा अंतर सोडून बसलेला एक वेगळा निघाला. त्याची पाठ विटेसारखी लालसर, वर काळे ठिपके, आणि पाय पिवळे. ती खरुची होती. थंडीत आपल्याकडे येते, बहुतेक वेळा एकटीच दिसते. त्या दिवशी वाळवीच्या जेवणाला पंगतीत येऊन बसली असेल.

मी वहीत १६ वर रेघ मारून १५ लिहिलं आणि सही केली. आत्या माझ्या खांद्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, असं नाही चालायचं. एक कमी केलात तर तो गेला कुठे? त्याचं वेगळं खातं उघडा."

म्हणून पान क्रमांक तीनवर खरुचीचं खातं आहे. शिल्लक, एक.